शेप्याभोवतीची पेटी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या नवऱ्याने आपली नोकरी गेल्याचं सांगून टाकलं, तेव्हा विषय आंब्याच्या झाडाचा चालला होता.

पुण्याच्या पश्चिमेला, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावच्या शिवारात आमची इमारत उभी राहिली होती. माझं माहेर शनिवार पेठेतलं. नवरा वर्ध्याकडचा, कॉम्प्युटर शिकून नोकरीसाठी पुण्यात आलेला. मी बँकेत होते. लग्नानंतरची काही वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून आम्ही हा फ्लॅट घेतला. तो बघायला आई आली, सगळ्या खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, "घर छान आहे. इथून पुणं किती लांब?"

ज्यांच्या शेतात इमारत झाली ते म्हातारे गृहस्थ तळमजल्यावरच राहत. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना आणि त्यांच्या दोन मुलांना फ्लॅट दिले होते. सगळे त्यांना मालक म्हणत. जमीन देताना त्यांनी एक अट घातली होती, बांधावरचा आंबा तोडायचा नाही. त्या आंब्याला शेपूसारखा वास येई, म्हणून त्याचं नाव शेप्या. दोन माणसांनी हाताला हात जोडले तरी बुंधा कवेत मावत नसे. बिल्डरने अट पाळली, पण आवारात सिमेंटचे ठोकळे बसवताना ते अगदी बुंध्याला टेकवून बसवले. त्यामुळे शेप्या जमिनीतून उगवल्यासारखा वाटायचा नाही, फरशीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा वाटायचा.

आम्ही आलो तेव्हा आवारात स्कूटरी असत. मग घराघरांत कॉम्प्युटरच्या नोकऱ्या आल्या, बँका, त्यात आमचीही, लोकांना बोलावून बोलावून कर्ज द्यायला लागल्या, आणि बघता बघता गाड्या झाडापर्यंत येऊन पोचल्या. उन्हाळ्यात त्यांच्या टपांवर कैऱ्या पडत. एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने नवी गाडी मागे घेताना सरळ शेप्यावर घातली. सुपाएवढी साल सोलून निघाली आणि गाडीचा मागचा दिवा फुटला. तक्रार गाडीवाल्याने केली.

म्हणून मीटिंग. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, प्रत्येक वाक्य फायलीवर शेरा मारल्यासारखं बोलणारे.

"झाड काढलं तर दोन गाड्यांची सोय होते," ते म्हणाले. "मी काढा म्हणत नाही. माहिती म्हणून सांगतो."

मालक मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ते कधी मीटिंगला येत नसत.

"काढा की," ते म्हणाले. "पर आधी मला काढा, मंग त्येला काढा."

ते हे रागाने बोलले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यामुळेच असेल, पण झाड काढायचा विषय तिथेच मिटला. मग कुणी म्हणालं सिमेंटचा पार बांधू, कुणी म्हणालं लोखंडी कठडा लावू. हे चाललेलं असताना नवरा उठला.

"लाकडाची पेटी करू ना भोवतीनं," तो म्हणाला. "जरा अंतर सोडून. आतले ठोकळे काढून टाकू, माती भरू, फुलझाडं लावू. गाडी लागणार नाही आणि झाडालाही बरं. मी करून देतो."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "आपण? आपण तर रविवारीसुद्धा ऑफिसात असता. आपल्याला वेळ कुठून मिळणार?"

"आता आहे वेळ. मागच्या महिन्यात नोकरी गेली माझी."

घड्याळात किती वाजले ते सांगावं, तशा आवाजात त्याने हे सांगितलं. माझे कान तापले. मला अर्थातच माहीत होतं, पण माझ्या माहेरी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि इथे पाण्याच्या टँकरच्या आणि पार्किंगच्या विषयांमध्ये ते सगळ्या इमारतीला कळलं. सेक्रेटरी वहीचं पान उलटत म्हणाले, "असं. मग तसा ठराव लिहून घेतो."

जिन्यात मी त्याला विचारलं, "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं ना, वेळ कुठून आणणार म्हणून."

"म्हणून लगेच सांगायचं?"

तो आमच्या मजल्यावर येऊन थांबला. त्याने कुलूप उघडलं. मग म्हणाला, "महिनाभर मी रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून खाली जाऊन राहिलो. लोकांना वाटावं, चालला ऑफिसला. मग दोन चौक फिरायचं, तू बँकेत गेलीस की परत यायचं. कंटाळा आला त्याचा."

हे मला माहीत नव्हतं. मी आत गेले आणि कुकर लावला.

त्याची कंपनी अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकासाठी काम करायची. तिकडच्या गिऱ्हाइकाने हात आखडता घेतला आणि इकडे अख्खा मजला घरी बसला. दोन हजार साल उलटल्यानंतर असं पुष्कळांचं झालं. आदल्या वर्षापर्यंत ज्यांना नोकऱ्या शोधत येत होत्या, ते आता रोज मेल उघडून उत्तर आलं का बघत. नवराही बघायचा. मग वरण-भात करून ठेवायचा. मी बँकेतून आले की तो पाण्याचा तांब्या पुढे करायचा, आणि मला ते मुळीच आवडायचं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मीटिंगनंतरच्या आठवड्यात तो स्कूटरवरून खडकीला गेला. तिथे एका वखारीत परदेशातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांचं लाकूड विकायला असे. नवनवे कारखाने निघत होते, यंत्रं बोटीने येत होती आणि त्यांची रिकामी खोकी मोडून फळ्या इथे येत. टेम्पोतून त्या आमच्या आवारात उतरल्या. पिवळट, हलक्या. कशावर छत्रीचं चित्र, कशावर पेल्याचं, कशावर वर जाणारे बाण. करवत, रंधा, हातोडी, काटकोन बघायचा एक गुण्या, असं सामान त्याने बरोबर आणलं. शाळेतल्या हस्तकलेनंतर त्याने लाकडाला हात लावलेला नव्हता.

मालक बाहेर आले आणि त्यांनी एक फळी नखाने टोकरून बघितली.

"ह्ये पावसात टिकायचं न्हाई, साहेब. वाळवीचं जेवान हाय ह्ये."

"रंग देणार आहे ना काकाजी."

माझ्या सासरी वर्ध्याकडे वडीलधाऱ्या माणसाला काकाजीच म्हणतात. मालकांना काकाजी म्हणजे मारवाडी शेठच ठाऊक. ते हसले, आणि खिडकीतून बघणाऱ्या सुनेला म्हणाले, "ऐकलं का, काकाजी म्हनतोय मला. शेठ केला का काय माजा." त्या दिवसापासून त्यांनी माझ्या नवऱ्याला साहेब म्हणायचं सोडून दिलं.

पहिलं काम ठोकळे उखडायचं. पहारीने एकेक ठोकळा उचकटून दोघांनी बाजूला रचला. खालची माती विटेसारखी घट्ट झाली होती. नवऱ्याने बादलीभर पाणी ओतलं. ते तसंच वर थांबलं, मग बुडबुडे यायला लागले, आणि हळूहळू पाणी आत गेलं. त्याने दुसरी बादली ओतली. मालक उकिडवे बसून बघत होते. मी बँकेतून येऊन पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिथे उभी राहिले. तीन माणसं जमिनीत पाणी मुरताना बघत होती, आणि मला आठवतं, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पेटी चौकोनी करायची असं आधी ठरलं होतं. पण एका बाजूने जाडजूड मूळ जमिनीवर आलेलं होतं आणि चौकोनाचा कोपरा बरोबर त्यावर येत होता. मूळ तोडायचं नव्हतं. मग नवऱ्याने घरी बसून आठकोनी पेटीचं चित्र काढलं, सगळी मापं घातली, कोन काढले. सकाळी ऊन यायच्या आधी तो फळ्या कापायचा, दुपारी वर येऊन नोकऱ्यांसाठी अर्ज करायचा. पाऊस सुरू झाल्यावर त्याने झाडाच्या फांद्यांना ताडपत्री बांधली आणि खाली काम चालू ठेवलं. आठवी बाजू लावायची वेळ आली तेव्हा तिच्या आणि पहिलीच्या मध्ये हात जाईल एवढी फट राहिली.

मी खाली गेले तेव्हा तो कागद मांडीवर घेऊन बसला होता.

"कागदावर जुळून राहिलं होतं," तो म्हणाला.

"कागद सपाट असतो," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. मला वाटलं, चिडणार. पण तो हसायला लागला, आणि मग मीही. नोकरी गेल्यापासून आम्ही दोघं असे हसलो नव्हतो. जमीन एका बाजूला उतरती आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मालकांच्यासुद्धा नाही, आणि त्यांनी तर ती आयुष्यभर नांगरली होती.

"पन तवा कुटं पेटी बसवायची व्हती," ते म्हणाले.

सगळं उकलून पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा मालक त्याला इमारतीच्या मागे घेऊन गेले. तिथे त्यांच्या गोठ्याचं लाकूड पत्र्याखाली रचून ठेवलेलं होतं. मुलं ते विकायचं म्हणत होती आणि ते आज-उद्या करत होते. वासे होते, फळ्या होत्या, आणि एक लांब जाड सागवानी फळी होती, गव्हाणीची पुढची. तिची वरची कड आरशासारखी गुळगुळीत झालेली होती.

"माना घासून घासून," मालक म्हणाले. "बैलं हितून मान घालायची कडब्याला. कितीक जोड्या झाल्या." मग फळीवर हात ठेवून म्हणाले, "ही घे. पन ही माज्या खिडकीच्या अंगाला लावायची."

नवऱ्याने ती फळी खिडकीच्या बाजूला लावली. बाकीच्या बाजूंना खाली गोठ्याचं लाकूड आणि वर खोक्याच्या फळ्या आल्या. एका फळीवरची छत्री त्याने मुद्दाम रंधली नाही.

एका रविवारी माझा मोठा भाऊ आला. एव्हाना माहेरी कळलं होतं. नवरा बर्मुडा आणि बनियनवर, केसांत भुसा, पार्किंगमध्ये फळीला भोक पाडत होता. भाऊ जरा वेळ बघत उभा राहिला.

"हे काय चाललंय?"

"पेटी."

"आत काय ठेवणार?"

"झाड."

भाऊ वर आला, चहा घेतला आणि मला म्हणाला, "त्याला जरा म्हणावं, नोकरीचं बघ."

"बघतो ना. दुपारनंतर बघतो."

"आणि सकाळी हे?"

"सकाळी हे," मी म्हटलं. माझ्या आवाजात जी धार आली ती माझी मलाच नवी होती. इतके दिवस तो खाली काम करत असताना मी खिडकीचा पडदा ओढून घेत होते. त्या दिवशी मी तो बाजूला केला आणि खाली बघितलं. तो गुडघ्यावर बसून एका हाताने फळी धरत होता, दुसऱ्याने भोक पाडत होता, आणि फळी सारखी सरकत होती.

"त्याला तिसरा हात पाहिजे आहे," मी भावाला म्हटलं. "जातोस का?"

भाऊ गेला. जेवायची वेळ होईपर्यंत तो फळी धरून होता. घरी परत जाताना त्याच्या पँटीला भुसा लागलेला होता, आणि जिना उतरताना तो मला म्हणाला, "कोपरे बरे आलेत."

नवरात्रापर्यंत पेटी उभी राहिली. मांडीएवढ्या उंचीची, आठ बाजूंची, शेंदरी-तपकिरी रंगाची. खंडेनवमीला आमच्याकडे दरवर्षी स्वयंपाकघरातल्या विळीची पूजा व्हायची आणि तो ऑफिसातल्या कॉम्प्युटरला झेंडूचं फूल वाहून यायचा. त्या वर्षी त्याने पाटावर करवत, रंधा आणि हातोडी मांडली. गंध लावताना तो म्हणाला, "हे माझे आहेत. ऑफिसातलं काहीच माझं नव्हतं." मी नैवेद्य दाखवला.

शेजारच्या प्लॉटवर पाया खणत होते. तिथून चांगली काळी माती मिळाली. ती घमेल्याघमेल्याने आणून आम्ही पेटी काठोकाठ भरली, अगदी बुंध्याला लागेपर्यंत, आणि हाताने थापून थापून बसवली. मी शेवंती लावली, मालकांच्या सुनेने अबोली. सेक्रेटरींनी कुणाला न विचारता गवती चहा लावला आणि दुसऱ्या दिवशी पाटी आणून टांगली, "पेटीवर बसू नये. बसल्यास फुले तोडू नयेत." लोक बसायला लागले. दिवाळीच्या आधी नवऱ्याला नोकरी लागली. कंपनी लहान, कर्वे रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात, पगार पहिल्यापेक्षा कमी. तो आनंदाने गेला. सकाळी जाताना तो पेटीवरून हात फिरवायचा आणि मग स्कूटरला किक मारायचा.

पुढच्या वर्षी श्रावणात मी शेवंतीची रोपं वेगळी करून लावत होते. खुरपं बुंध्याजवळ गेलं आणि मऊ काहीतरी लागलं. मी माती बाजूला केली. मातीखालची साल काळी, ओली झाली होती. बोट दाबलं तर आत जात होतं, आणि आंबूस वास येत होता. मी वर बघितलं. मालकांच्या खिडकीच्या बाजूच्या एका मोठ्या फांदीची पानं पिवळी पडलेली होती. ती बरेच दिवस तशी असावीत, आम्ही कुणी वर बघितलंच नव्हतं. सगळे खाली फुलं बघत होते.

मी मालकांना हाक मारली. त्यांनी वाकून त्या सालीला हात लावला, हात नाकाशी नेला, आणि पेटीच्या कडेवर बसले.

"ह्ये कशानं?" त्यांनी विचारलं.

मी दुसऱ्या दिवशी बँकेतून अर्धी रजा घेतली आणि एका सरकारी रोपवाटिकेत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मुळं मातीत राहतात, बुंधा हवेत राहायला हवा. तुम्ही त्याला गळ्यापर्यंत पुरलंत. पावसात ती माती वाळत नाही, मग साल कुजते. बुंध्याजवळची सगळी माती काढा, बुंध्याला मुळं फुटतात तिथपर्यंत. आणि पुन्हा जवळ येऊ देऊ नका."

"झाड जगेल?"

"निम्म्याच्या वर साल धड असेल तर जगेल. उघडून बघा."

मी घरी आले, साडी बदलली आणि खाली गेले. मालकांना सांगितलं. ते आतून फावडं घेऊन आले. आम्ही फुलझाडं उपटून बाजूला ठेवली आणि माती काढायला लागलो. फावडं बुंध्याला लागेल म्हणून जवळची माती हाताने काढत होतो. श्रावणाची भुरभुर चालू होती.

संध्याकाळी नवरा आला. स्कूटर लावून तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. त्याने मातीचे ढीग बघितले, मग बुंधा बघितला. काय झालं ते मी सांगितलं. तो ऐकत असताना त्याचा चेहरा बदलत गेला. नोकरी गेल्याचं सांगायला आला होता त्या दिवशीसुद्धा तो असा दिसला नव्हता.

"मीच पुरलं त्याला," तो म्हणाला. "गाडीनं तरी सुपाएवढीच साल काढली. मी तर…" मग मालकांकडे वळून म्हणाला, "काकाजी, तुमचं झाड होतं."

मालक घमेलं खाली ठेवून उभे राहिले. त्यांना कंबर सरळ करायला वेळ लागला.

"आरं, मी पन थापलीच की माती. ह्या हातानं थापली," ते म्हणाले. "मला कुटं कळलं. शेतात कुनी आंब्याला पेटी करतं व्हय?" मग घमेलं उचलत, "आता काय, रडत बसायचं का माती काढायची, सांग."

नवऱ्याने ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं, पँट दुमडली आणि पेटीत उतरला.

पुढच्या काही दिवसांत इमारतीतले लोक येऊन बघून जात. ज्याच्या गाडीने साल काढली होती तो तिसऱ्या मजल्यावरचाही एका संध्याकाळी आला आणि घमेली वाहायला लागला. सेक्रेटरी आले, त्यांनी पाहणी केली आणि म्हणाले, "म्हणजे आपण सर्वानुमते चूक केली." मग त्यांनी आपला गवती चहा कुंडीत हलवला.

बुंधा पूर्ण उघडा झाला तेव्हा कळलं, कुजलेली साल एकाच बाजूला होती. बाकीची घट्ट होती. खराब भाग नवऱ्याने पटाशीने हलक्या हाताने कोरून काढला. पेटी मोडून टाकावी असं त्याच्या मनात होतं. तसं तो मला म्हणालाही. मी म्हटलं, "मोडलीस तर उद्या तिथे गाडी उभी राहील." मग तो पटाशी पुसून ठेवत म्हणाला, "आत अजून एक करावी लागेल."

ती त्याने केली. मोठ्या पेटीच्या आत, बुंध्यापासून हातभर अंतरावर, दुसरी ठेंगणी चौकट. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात थोडीशीच माती, त्यात फुलझाडं. आतल्या चौकटीत काही नाही, फक्त उघडी जमीन आणि बुंधा. या खेपेला त्याने कागदावर चित्र काढलं नाही, जमिनीवर दोरी धरून मापं घेतली. मालक दोरीचं दुसरं टोक धरून फिरत होते. कधी शेजारून जाणाऱ्या कुणाला तरी ते सांगायचे, "बाहेरची गाड्यांसाठी, आतली आमच्यासाठी. आमी पुन्यांदा माती घालू नये म्हनून."

पिवळी पडलेली फांदी मात्र वाचली नाही. हिवाळ्यात महापालिकेची परवानगी काढून ती उतरवावी लागली. मालक त्या दिवशी घरात बसून राहिले. नवऱ्याने फांदी कापणाऱ्यांकडून बुडख्याचा एक तुकडा मागून घेतला, बाल्कनीत सावलीत बरेच महिने वाळवला आणि त्याचा एक पाट केला. तो द्यायला गेला तेव्हा मालक म्हणाले, "आंब्याचा पाट हाय, टिकायचा न्हाई फार." पण घेतला. त्यांची सून मला सांगायची, जेवायला टेबल असूनही ते पाटावरच बसतात आणि मग हात धरून उभं करायला मुलांना बोलावतात.

माघात शेप्याला मोहोर आला, एकाच बाजूला. वैशाखात मालकांनी प्रत्येक दाराला कैऱ्या पोचवल्या. मी त्यांचं लोणचं घातलं आणि एक बरणी माहेरी दिली. आईने चाखलं आणि विचारलं, "यात शेपू कशाला घातलास?"

त्यानंतर नवरा आणखी दोन-तीन कंपन्यांत गेला, पगार वाढले, आम्हीही गाडी घेतली. पेटीच्या खोक्याच्या फळ्या दर काही वर्षांनी कुजायच्या आणि तो रविवारी बसून बदलायचा. शेवटी छत्रीवाली फळीही गेली. गोठ्याचं लाकूड तसंच राहिलं.

मालक गेले तेव्हा उन्हाळा होता. सकाळपासून त्यांचे भाऊबंद, गावचे लोक, आमच्या इमारतीतले, असे सगळे आवारात जमले होते. खुर्च्या आणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पुरुषमाणसं पेटीच्या कडेने बसली होती. नवरा जरा लांब, गाडीला टेकून उभा होता. मालकांच्या धाकट्या मुलाने त्याला बघितलं. गव्हाणीच्या फळीवर तो बसला होता, तिथे सरकून त्याने जागा केली आणि हाताने खूण केली. नवरा गेला आणि त्याच्या शेजारी बसला.